बुलेट ट्रेनमध्ये बसलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. पांघरायची नव्हे, बसायची. रंगाने काळी, आकाराने चौकोनी, काठाला लाल कापड शिवलेली. अंगाने मी टोचते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तक्रार नको.

सांगोल्याकडच्या एका सनगराने मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून उन्हात वाळवलं. तेव्हापासून मी ताठ आहे, आणि थोडी संशयीसुद्धा. माझी मालकीण कमलिनी, तिचं लग्न झालं तेव्हा तिने मला बॅगेच्या तळाशी घातलं आणि आम्ही आखातातल्या रास अल खैमाला आलो. तिचे यजमान गोपीनाथ तिथल्या एका टाइल्सच्या कारखान्यात इंजिनिअर होते.

आखातात आल्यावर मी एक गोष्ट शिकले. तिथे प्रत्येक जण तुम्हाला आराम देऊ पाहतो. फर्निचरच्या दुकानातला नूरुद्दीन कमरेत वाकून म्हणाला होता, "भाभीजी, बैठके तो देखिए." त्याच्याकडून घेतलेल्या सोफ्यावर गोपीनाथ आरती चालू असताना घोरू लागले, आणि वर्षाच्या आत त्या सोफ्याच्या स्प्रिंगा वर आल्या. तेव्हापासून कुणी वाकून बोललं की मी आधी विचार करते, याला हवंय काय?

आता कमलिनीच्या व्रताचं सांगते. तिची मुलगी शर्वाणी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. डॉक्टर म्हणत, बोलेल. शेजारच्या आशाताई म्हणत, काळजी करू नकोस. कमलिनी कुणालाच काही म्हणाली नाही. एका सकाळी ती माझ्यावर पूर्वेला तोंड करून बसली आणि दत्तगुरूंना म्हणाली, "हिला वाचा द्या. मी रोज तुमच्या माळा पुऱ्या होईपर्यंत बोलणार नाही, आसनावरून उठणार नाही, डोळा लागू देणार नाही."

पुढे शर्वाणी बोलू लागली. पहिला शब्द निघाला तो 'वॉटर', आणि त्यानंतर ती थांबली नाही. कमलिनीचं व्रतही थांबलं नाही. डोंगरामागून सूर्य वर येई, ती माझ्यावर बसे, आणि घर गप्प होई. गोपीनाथ मित्रांना सांगत, "सकाळची शांतता अख्ख्या रास अल खैमात फक्त माझ्या घरी आहे. इन्शाल्ला, टिकेल." कमलिनीने ती टिकवली, ती गंमत म्हणून नव्हे. व्रत मोडलं तर दिलेली वाचा परत जाईल, ही भीती तिच्या मनात कायम होती. ती कुणाला सांगत नसे, पण माझ्यावर बसून ती जशी आखडायची, त्यावरून मला कळे.

शर्वाणी दहा वर्षांची असताना कारखान्याने गोपीनाथना नवीन भट्टी शिकायला जपानला पाठवलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून सगळेच निघाले. विमानात कमलिनीला झोप लागली नाही. टोकियोच्या हॉटेलातून उजाडताच नागोयाची बुलेट ट्रेन गाठायची होती. जप करायला वेळच मिळाला नाही. तेव्हा ती उपाशी, मुक्यानेच गाडीत चढली आणि तिने मला सीटवर अंथरलं.

मित्रांनो, ती सीट! रुंद, मऊ, पाय पसरायला ऐसपैस जागा. मला लगेच नूरुद्दीन आठवला. शर्वाणीच्या पुढ्यातल्या फळीवर पाण्याचा ग्लास होता. गाडी सुटली, बाहेरची घरं मागे पळायला लागली, आणि ग्लासातलं पाणी तसंच. माझा तर त्या पाण्यावरसुद्धा विश्वास बसेना.

अडचण अशी की गाडी पश्चिमेला चालली होती आणि कमलिनीला पूर्व हवी होती. तिने हाताने खूण केली. पलीकडच्या रांगेतल्या गोपीनाथनी तिकीट तपासनिसाला मोडक्या इंग्रजीत, मग नुसत्या हातवाऱ्यांनी समजावलं. तो माणूस कमरेत वाकला. झालं, म्हटलं मी. पण त्याने पायाने काहीतरी दाबलं आणि मायलेकींची जोडसीट अख्खी गर्रकन फिरवून दिली. पुन्हा वाकला आणि काही न मागता निघून गेला. आता जे नेतं तेही मऊ आणि फिरतं तेही मऊ. एवढी सोय कशासाठी, हे मला काही उमगेना.

सीट फिरल्यामुळे आम्ही मागच्या रांगेच्या समोरासमोर आलो. तिथे एक जपानी आजी बसल्या होत्या. मनगटात तपकिरी मण्यांची माळ. त्या एकटक कमलिनीच्या हाताकडे बघत होत्या. माळ बघून ओळख काढणारे लोक मला माहीत आहेत. आधी गोड बोलतात, मग काहीतरी विकतात.

कमलिनी मांडी घालून जपाला बसली. मी होईल तितकी टोचत होते. पण माझ्याखाली तो मऊपणा होता. मी टोचावं आणि त्याने ते गिळून टाकावं. गाडी डुलत नव्हती, आवाज करत नव्हती. गोपीनाथ केव्हाच झोपले होते. शर्वाणी खिडकीला नाक लावून बर्फाचा डोंगर शोधत होती. आणि शेवटची माळ चालू असताना कमलिनीची मान खाली आली. बोटं सैल पडली. माळ घसरली.

तेवढ्यात त्या आजींचा हात पुढे आला.

मी मनात म्हटलं, आता गेली माळ. मला हात नाहीत, तोंड नाही. मी नुसती बघत राहिले. आजींनी माळ खाली पडू दिली नाही. कमलिनीच्या अंगठ्याखाली जो मणी होता, तोच दोन बोटांत धरला आणि बसून राहिल्या. हलल्या नाहीत. ओणवं बसून त्यांची पाठ दुखत असणार. मी वाट पाहत होते, केव्हा पर्स उघडतात, केव्हा काही मागतात.

कमलिनी दचकून जागी झाली. हात रिकामा होता. तिने आधी माळेकडे नाही, शर्वाणीकडे पाहिलं. बोल म्हणायला तिला तोंड उघडता येत नव्हतं, जप बाकी होता. शर्वाणी आजींच्या बोटांकडे बघत होती आणि बोलत नव्हती. एरवी जिची टकळी थांबत नाही, ती गप्प! कमलिनीने तिचा खांदा धरून हलवला.

मग शर्वाणी हळूच म्हणाली, "ममा, शी नेव्हर लेट गो. त्या आजींनी तुझा मणी सोडलाच नाही."

कमलिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने तोच मणी आजींच्या बोटांतून आपल्या बोटांत घेतला आणि पुढचं नाव घेतलं. नागोया यायच्या आत जप पुरा झाला. उतरताना तिने हात जोडले, आजी वाकल्या. दार मिटलं.

व्रत मोडलं की टिकलं? घरी आल्यावर गोपीनाथ म्हणाले, "झोपलीस तू, पण माळ तर जागीच होती ना? खलास, विषय संपला." कमलिनी हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती जप संपल्यावर एक मणी जास्त ओढू लागली, त्या आजींसाठी. त्यांचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्या मण्यावर ती काय म्हणते, मला ठाऊक नाही.

आता कमलिनीचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी खुर्ची सांगितली, खुर्चीवर उशी आली, आणि मी कपाटात गेले. वर्षभर मला ऊन दिसलं नाही, एका कोपऱ्याला लोकर खाणारी कसर लागली. या सुट्टीत कॉलेजातून आलेल्या शर्वाणीने मला बाहेर काढलं, गच्चीत झटकलं, कोपरा शिवला आणि उशी काढून खुर्चीवर मला अंथरलं. वर म्हणाली, "ममा, यू नीड द प्रिकली वन."

तेव्हा मित्रांनो, घरात एखादी टोचणारी जुनी वस्तू असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा. कसर लागू देऊ नका. मऊ जागी बसलात की तिची गरज पडते.

आणि त्या आजींना काय हवं होतं, ते मी अजून शोधते आहे. रोज त्या जास्तीच्या मण्यापाशी मला त्यांचा हात आठवतो, आणि रोज मी नीट बघते. अजून तरी काही सापडलेलं नाही.