व्हॅनखालचं रक्त

घरापुढच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हातखंब्याच्या आतल्या त्या वाडीत एवढी माणसं गणपतीतसुद्धा एका घरी जमत नाहीत. सगळ्यांच्या नजरा काशीरामच्या जुन्या व्हॅनखाली खिळल्या होत्या. तिथं जांभ्याच्या फरशीवर काळा डाग पसरला होता.

राघो भगतानं डागाभोवती हळद भुरभुरवली, तीनदा आरोळी ठोकली आणि तांब्यातलं पाणी शिंपडलं. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली.

"रगात!" कुणीतरी किंचाळलं.

"गाडीचं नाय, हरिश्चंद्राचं!" भगत घुमत म्हणाला. "ह्याच गाडीत जीव सोडलान ना त्यान? इंजिनात अडकलाय तो. गिअरात पाय गुंतलाय त्याचा!"

एवढं बोलून त्यानं गाडीच्या पुढच्या पत्र्याला शेंदूर फासला, लिंबू ठेवलं, नारळ फोडला. ह्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, हे पिशाच्चांच्या त्या मेकॅनिकला ठाऊकच नव्हतं. काशीरामच्या ते लक्षात आलं, तरी त्यानं हात जोडले.

हरिश्चंद्र त्याचा धाकटा भाऊ. फेब्रुवारीत ह्याच गाडीत, स्टिअरिंगवर असतानाच त्याला हार्ट अटॅक आला. तेव्हापासून काशीराम गाडी चालवू लागला आणि रोज सकाळी गाडीखाली डाग दिसू लागला. गॅरेजवाल्यानं दोनदा ऑइल सील बदललं. चार दिवस बरे जायचे, पुन्हा डाग. तेव्हा काशीरामच्या मनात शंका शिरली आणि तिच्या मागोमाग राघो भगत घरात शिरला.

"त्याला धरून ठेवणारी घरातच हाय," भगतानं बोट दाखवलं. दारात हरिश्चंद्राची बायको प्रेमला उभी होती. "हिनं सात दिवस गोठ्यात ऱ्हायचं. एक वेळ खायचं. गाडी लाल कापडात बांधायची. सात दिवसांत चावी लावलीत, तर ह्या घरातला दुसरा पुरुष जाईल!"

"दादा, तेल गळतंय हो गाडीतून," प्रेमला काशीरामला म्हणाली. "माझ्या बहिणीला, तेजलला फोन लावा ना. ती बघेल."

काशीरामनं आपल्या पोराला जवळ ओढलं, मान वर केली नाही. "सातच दिवस, प्रेमला."

तिसऱ्या दिवशी फरशी कोरडी झाली. भगताचा जयजयकार झाला. बंद गाडीतून तेल कशाला गळेल, असं कुणाच्याही मनात आलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी गोठ्यात पेंढा उचलताना प्रेमलाला विंचू चावला. लाल विंचू. तिला दरदरून घाम फुटला, ओकाऱ्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. काशीराम चावी घेऊन गाडीकडे धावला. रोजच्या उताऱ्यासाठी आलेला भगत आडवा आला.

"पोरगा नको झालाय काय तुला?"

काशीरामचा हात खाली आला. भगतानं प्रेमलाच्या पायाला दोरा बांधला, दोन तास मंत्र पुटपुटला. तिच्या तोंडाला फेस आला तेव्हा तो हळूच उठून निघून गेला. मग काशीरामनं हायवेवरून रिक्षा आणली. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी एकच विचारलं, "इतका उशीर का केलात? औषध होतं आमच्याकडे."

संध्याकाळी सात वाजता प्रेमला गेली.

आठवड्यानं तिची धाकटी बहीण तेजल आली. ती आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेते. कुणाशी न बोलता तिनं लाल कापड ओढून काढलं. माणसं दूर उभी राहिली. तिनं सीट उचलली, इंजिन पेट्रोलच्या फडक्यानं लख्ख पुसलं, त्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर उडवली आणि गाडी चालू केली.

दहा मिनिटांनी पावडरीवर तेलाचा ओघळ उमटला. वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून एक, सीलपाशी दुसरा.

"दोनदा सील बदलून पण?" काशीरामनं विचारलं.

तेजलनं एक रबरी नळी उपसून त्याच्यापुढे धरली. ती काळ्या गाळानं गच्च बुजली होती. "इंजिन चालताना आत दाब तयार होतो, तो ह्या नळीनं बाहेर पडायला हवा. ही बुजली, म्हणून दाब तेलाला ढकलतो, सापडेल त्या फटीतून. तेल खाली साचतं, गाडी उभी केल्यावर रात्रभर ठिबकतं. सील कितीही बदला."

तिनं नळी साफ करून बसवली, इंजिन पुसलं, पुन्हा पावडर उडवली, पुन्हा गाडी चालू केली. झाकणापाशी किंचित ओल आली. सीलपाशी पावडर पांढरीच राहिली.

"पण रगात?" गर्दीतल्या सखूआजी पान चघळत पुटपुटल्या.

"तुमची डबी द्या." तेजलनं डबीतला चुना पाण्यात कालवला, फरशीवर हळद टाकली आणि ते पाणी शिंपडलं. हळद लाल झाली. "भगताच्या तांब्यात हेच पाणी होतं."

काशीराम गाडीजवळ आला. "तेजल, त्या दिवशी... चालू केली असती, तर गेली असती गाडी?"

तेजलनं इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून बाहेर काढली. तेल खालच्या खुणेच्या चांगलंच वर होतं. तिनं पट्टी त्याला दाखवली.

"गेली असती, दादा. अर्ध्या तासात पोचली असती."

काशीराम तिथंच फरशीवर बसला.

तेजल माणसांकडे वळली. "गाडीचं कळलं नाही, तर मेकॅनिकला विचारा. एकाला जमलं नाही, तर दुसऱ्याला विचारा. विंचू चावला, तर दवाखाना गाठा. एवढंच करायचं होतं. माझी ताई तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगत होती. तुमच्यातल्या एकानं तरी तिचं ऐकायचं होतं."

दुपारी काशीराम तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेला. जादूटोणा विरोधी कायद्याखाली त्यानं राघो भगताविरुद्ध तक्रार दिली. भगतानं काय केलं ते सांगून झाल्यावर हवालदार कागद मिटायला लागला. काशीरामनं त्याला थांबवलं, आणि आपण काय केलं तेही सगळं लिहून घ्यायला लावलं.