मारोती सरांचा आवाज

"सर, मी नाई चढत काट्यावर," असं म्हणून शाल्मली रांगेतून बाजूला झाली.

घाटंजीच्या त्या शाळेत मारोती सर सव्वीस वर्षं खेळ शिकवत होते. दर तिमाहीला मुलांची वजनं व्हायची. सर काट्याजवळ उभे राहून आकडा पुकारायचे आणि शिपाई उकंडा दूर निंबाखाली बसून तो वहीत उतरवायचा. बाजारातल्या मापाऱ्याला लाजवील असा सरांचा खणखणीत आवाज. त्यांना त्याचा अभिमानही होता.

नववीतली शाल्मली उंच उडीत कायम पहिली. यंदा मात्र ती मैदानावर फिरकली नव्हती. डबा तसाच घरी नेते, परवा प्रार्थनेला चक्कर येऊन पडली, असं वर्गशिक्षिका विमलताईंनी सांगितलं होतं.

सरांनी वजनं थांबवली, पोरांना खेळायला पिटाळलं आणि तिच्याजवळ पायरीवर बसले.

"काहून वं? कोणी काई बोललं काय?"

ती अंगठ्यानं माती उकरत राहिली. सरांना घाई नव्हती.

"पोट्टे मले क्विंटल म्हणतात."

"कोन पोट्टे?"

"सगळेच. मागच्या खेपेले तुमी त्रेसष्ट म्हणून वरडले ना सर, तवापासून."

सर काट्याकडे पाहत राहिले. सव्वीस वर्षांत असे किती आकडे पुकारले असतील, याचा हिशेब लागेना.

"चुकलं माहं, पोरी," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते तिच्या घरी गेले, तिच्या आईशी बोलले आणि दोघींना डॉक्टरांकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात ते पोरांवर रागावले नाहीत. ते नाव माझ्याच ओरडण्यातून निघालं, आता मीच ते परत घेतो, एवढंच म्हणाले.

मग काटा भिंतीकडे तोंड करून ठेवला. एकेकानं जायचं, आपला आकडा आपणच चिठ्ठीवर लिहायचा, घडी करून द्यायची. शाल्मली सगळ्यांत शेवटी गेली. मधल्या सुट्टीत सरांनी लांबूनच पाहिलं, तिनं डबा उघडला होता. अर्धी पोळी संपली, मग उरलेली अर्धीही.

वाट पाहून कंटाळलेला उकंडा कोरी वही घेऊन आला.

"आज आवाजच नाई तुमचा. घसा बसला काय सर?"

"हो," चिठ्ठ्या त्याच्या हातात देत सर म्हणाले, "बसला. आता बसलेलाच बरा."