कच्च्या टाक्यांचा झगा

मी झगा बोलतोय. पाळकांचा. काळा, पायघोळ आणि खरं सांगायचं तर थोडा शिष्ट. चर्चच्या कपाटात मला वेगळी खुंटी आहे आणि कसर लागू नये म्हणून खिशात डांबरगोळ्या.

मला शिवलं ते एका धिप्पाड पाळकांच्या मापाने. त्यांच्यानंतरचेही तसेच ताडमाड. पहिले प्रार्थनेत पेंगायचे, दुसरे माझ्या बाहीला नाक पुसायचे. पण दोघेही त्या जागेला शोभत नाहीत, असं कधी कुणी म्हटलं नाही.

दुसरे निवृत्त झाले आणि मंडळीला पाळक मिळेना. तेव्हा कुठे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांना मंडळीतल्याच एक बाई आठवल्या. आजाऱ्यांच्या उशाशी बसणं, मयताच्या घरी धावणं, भांडलेल्या नवरा-बायकोला समजावणं, हे सगळं त्या आधीपासून करतच होत्या. पाळकपदाची दीक्षाही रीतसर झालेली. पंचांचे अध्यक्ष म्हणाले, "तूर्तास तुम्ही बघा. योग्य माणूस मिळेपर्यंत."

बाईंनी मला अंगावर घेतलं आणि मी जमिनीवर लोळायला लागलो. त्यांच्या सासूबाई शिवणकाम करायच्या. त्यांनी कात्री काढली मात्र, अध्यक्षांनी मला झडप घालून ओढलं.

"कापायचं नाही हं! उद्या पुरुष पाळक आले तर? कच्चे टाके घाला नुसते."

झालं. बाई तात्पुरत्या आणि माझी दुमडही तात्पुरती. वर्षं गेली. बाईंनी लग्नं लावली, बाळांना बाप्तिस्मे दिले, माणसं मातीआड केली. त्यांना कायम करण्याचा विषय प्रत्येक सभेत निघायचा आणि वेळेअभावी पुढे ढकलला जायचा. चहाला मात्र वेळ कधी कमी पडला नाही.

एका रविवारी उपदेशाला चढताना टाके उसवले. मी बाईंच्या पायात आलो आणि त्या पायरीवर गुडघ्यावर आपटल्या. पहिल्या बाकावरून अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, म्हणून म्हणत होतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई उठल्या आणि ठणकत्या पायाने पूर्ण उपदेश केला.

घरी सासूबाईंनी गुडघा शेकला आणि कात्री हातात घेतली.

"अहो आई, पंच काय म्हणतील?"

"पंचांच्या गुडघ्याला लागलंय का?"

कच्कन आवाज झाला. इतका हलका मी जन्मात झालो नव्हतो.

पंचांनी तातडीची सभा बोलावली. मला टेबलावर पसरून मापं घेतली. एकजण हळहळला, "आता हा कुठल्या पुरुषाला व्हायचा?" खूप खल झाला. शेवटी एकमताने ठराव पास झाला: झगा वाया जाऊ नये म्हणून बाईंना पाळक म्हणून कायम करण्यात येत आहे.

सासूबाईंना हसू आवरेना. बाई नुसतं "बरं" म्हणाल्या आणि एका आजारी म्हातारीला भेटायला निघून गेल्या.

मला मात्र राग आला, अजूनही येतो. इतकी वर्षं राबणारी बाई त्यांना दिसली नाही, वीतभर कापड तेवढं दिसलं. आता मी बरोबर घोट्यापर्यंत येतो. लोक येता-जाता वाकून माझी शिलाई बघतात. तुम्ही आलात, तर कृपा करून माझ्याकडे बघू नका. बाई बोलत असतात, त्यांचं ऐका.