झाकणाचा विश्वास

राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये कपाळाला राख लावून घ्यायच्या दिवशी, सकाळी चर्च ओस पडलं होतं आणि समोरच्या हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. आठवड्यापूर्वी आलेले राखवाले ब्रदर वाटीतल्या पाण्यात चमचा बुडवून प्रत्येकाच्या क्रुसावर थेंब सोडत. क्रूस अर्थात त्यांच्याच टेबलावरचा. मूठ मिटायची, तापायची, उघडली की आत राख.

"चर्चमधली राख माणसाने जाळलेली, ही वरून आलेली. चाटा, दुखणं पळालंच. गोळी घेतलीत तर विश्वास कच्चा."

रसायनशास्त्राच्या बाई रांगेत धुमसत होत्या. त्यांना लहानाचं मोठं करणाऱ्या मावशीने मूत्रपिंडाच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि आठवडाभर ती ही राख चाटत होती. सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिचे पाय सुजलेले पाहून बाईंना रडू यायचं आणि संतापही.

मावशीची पाळी आली. बाईंनी आपला स्टीलचा क्रूस पुढे केला.

"हा चालेल ना, ब्रदर?"

"तुमचा विश्वास नाही, राख येणार नाही."

"मूठ मावशीची. तिचा विश्वास तर उतू चाललाय."

नाइलाजाने थेंब पडला. लोक ताटकळले. मूठ उघडली, क्रूस लख्ख.

बाईंनी वाटी ओढली आणि पिशवीतल्या आपल्या जेवणाच्या डब्याच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर थेंब सोडला. बघता बघता झाकणावर राख उगवली.

"झाकणाचा कुणावर विश्वास आहे, विचारा त्याला," बाई म्हणाल्या. "टेबलावरचे क्रूसही ॲल्युमिनियमचेच, आणि पाण्यात पाऱ्याचा क्षार आहे. तो लागला की ॲल्युमिनियम भराभर गंजतं, तापतं. ही राख म्हणजे तो गंज, वर पाऱ्याचं विष."

"पवित्र दिवशी कशाला वाद, बाई?" मागून कुणीतरी कुरकुरलं. बाईंचं डोकंच फिरलं.

"पवित्र दिवस कशासाठी, तेच विसरलात. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळून ती राख कपाळाला लावतात. तू माती आहेस, मातीला मिळशील, एवढंच ती सांगते. आजार बरा करते असं फादर कधी म्हणालेत? नवल दिसलं की हात जोडण्याआधी एकदा वस्तू बदलून बघा."

ब्रदर वाटीकडे हात नेत होते. बाईंनी ती सोडली नाही. डॉक्टरांना दाखवायची होती.

"म्हणजे मी मरणार?" मावशीने हळूच विचारलं.

"मरणार. मीही मरणार. पण आजच मरायची काय घाई आहे? आधी दवाखाना, मग चर्च."

मावशीने हात रुमालाला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

"गोळ्यांची डबी उशीखाली आहे," ती म्हणाली. "जाताना घेऊ."