चौथ्या माणसाचा ऑक्सिजन

आमच्या खात्यात एक नियम आहे. आपल्या गल्लीचं सर्वेक्षण आपण करायचं नाही. आपल्या माणसांच्या वेळी आपण आकडे सांभाळून लिहितो, असं वरच्यांचं म्हणणं. मला तेव्हा भयंकर राग आला होता. सात वर्षं आरोग्यसेविका म्हणून दारोदार हिंडतेय, एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, आणि हे मला शिकवणार! पण सरकारपुढे शहाणपण चालत नाही. चार गल्ल्या पलीकडची घरं मी मोजायची आणि माझं घर दुसरीनं.

काम तसं सोपं. घरात माणसं किती ते विचारायचं, प्रत्येकाचा ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडे फॉर्मात भरायचे, दारावर स्टिकर चिकटवायचा. साथ ओसरत होती आणि सरकारला बाजार उघडायची घाई झाली होती. बाजार गल्लीगल्लीनं उघडणार होता. सोमवारच्या आधीच्या शेवटच्या फेरीत ज्या गल्लीत कुणाचाही ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली नसेल, तिथली शटरं वर. आमच्या गल्लीत शिंपी, सलूनवाला, इस्त्रीवाला, सायकलवाला, सगळे पाच महिने हातावर हात ठेवून बसलेले. सलूनवाल्यानं कंटाळून स्वतःचीच हजामत इतक्या वेळा केली की आता डोक्यावर काही उरलं नाही, असं लोक हसायचे. हसायला दुसरं होतं काय?

आमच्या घरात आम्ही तिघी. मी, सासूबाई आणि माझी आठ वर्षांची मुलगी. नवरा प्लंबर होता. पहिल्याच लाटेत गेला.

पहिल्या फेरीनंतर केंद्रावर आम्ही फॉर्म लावत बसलो होतो. माझं घर जिच्याकडे होतं ती दुसऱ्या भागातून नुकतीच बदलून आलेली. आम्ही तिला चष्मेवाली म्हणायचो.

"तुझं घर झालं गं," ती म्हणाली. "आजींचं आणि मुलीचं छान आहे. मिस्टरांचं तेवढं त्र्याण्णव आलं. लक्ष ठेव."

"कुणाचं?"

"तुझ्या मिस्टरांचं. आतल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले होते. आजी म्हणाल्या, चौघं आहोत, म्हणून मी आत गेले. हात गार होता, पण आकडा आला."

मी फॉर्म हिसकावून घेतला. चौथ्या ओळीत वय बरोबर होतं, त्याच्यापुढे त्र्याण्णव. मी तिला काय वाटेल ते बोलले. खरं कळल्यावर ती बिचारी पांढरीफटक पडली.

घरी गेले ती तणतणतच. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आई, घरात माणसं किती?"

"चार," मान वर न करता त्या म्हणाल्या. "त्यात खोटं काय आहे?"

पलंगावरची चादर सकाळी मी घातली होती तशीच, सुरकुतीसुद्धा नाही. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "तिथं कुणीच नव्हतं. मावशी नुसतीच पलंगाशी बोलत होती."

दुसऱ्या फेरीला शहाऐंशी आला. या वेळी चष्मेवाली माझ्याजवळ येऊन रडलीच. "माहीत असूनही दिसले गं. मीच गेले आणि मीच बोट पुढे करा म्हटलं. का म्हटलं ते मला विचारू नकोस."

त्र्याण्णव, शहाऐंशी. हे आकडे मला तोंडपाठ होते. तो आजारी पडला त्या दिवशी घरच्या मीटरवर सकाळी त्र्याण्णव होता, दुपारी शहाऐंशी आणि चार वाजता एकाहत्तर. सासूबाईंनी मला अकरा वेळा फोन केला. मी एका इमारतीत लोकांची बोटं धरत होते, हातात मोजे, फोन पिशवीत. घरी पोहोचले तेव्हा रुग्णवाहिका गेलेली होती. आठ दिवसांनी बंद पिशवी बघायला मिळाली, तीही लांबून. तोंड दाखवायला परवानगी नव्हती. जगाचा ऑक्सिजन बघत फिरले आणि माझ्या माणसापाशी मी नव्हते. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण एक दिवस असा गेला नाही की ते आठवलं नाही.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. "एका घरापायी अख्खी गल्ली अडकायला लागलीय. हे शहाऐंशी काय आहे?"

"साहेब, तो माणूस वारलाय."

साहेबांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला. "मग आकडा कसा आला?"

मेलेल्या माणसाची त्यांना अडचण नव्हती, चौऱ्याण्णवच्या खालच्या आकड्याची होती. "शनिवारच्या फेरीत नीट करून आणा," म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

शनिवारी मी रजा टाकली. चष्मेवाली दहा वाजता आली. मुलगी झाली, सासूबाई झाल्या, मी झाले. मग ती आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"भाऊजी, बोट द्या जरा," ती हळूच म्हणाली.

मला पलंग दिसत होता, चादर दिसत होती, उशी दिसत होती. तिनं मीटर उशीच्या बाजूला हवेत धरला आणि सोडला. तो पडला नाही. तांबडा दिवा लागला, आकडे पळायला लागले आणि थांबले. एकाहत्तर.

बाहेर इस्त्रीवाला शटर पुसत होता. एकाहत्तर लिहिलं असतं तर रुग्णवाहिका आली असती, गल्लीला कुलूप लागलं असतं. पण खरं सांगू? मला गल्लीचं काही पडलं नव्हतं. त्याला पुन्हा कुणी घेऊन जायला नको होतं. मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि चौथ्या ओळीत लिहिलं, अठ्ठ्याण्णव.

सोमवारी दुकानं उघडली. शिंप्याच्या मशीनचा आवाज ऐकून बायका गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. केंद्रावर साहेबांनी तक्ता लावला, त्यात आमची गल्ली हिरवी. माझ्या घरात चौघं ठणठणीत होती, तसं सरकारदरबारी लेखी होतं.

त्या दुपारी मी पहिल्यांदा श्वास ऐकला. आतल्या खोलीतून. छातीत अडकलेला, वर ओढलेला, मग एवढा मोठा खंड की आपलाच जीव घुसमटावा, मग पुन्हा. एकाहत्तरचा श्वास मी शेकडो घरांत ऐकलाय, तो ओळखायला मला मीटर लागत नाही. मी खिडक्या उघडल्या. उशी उंच केली. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून रिकाम्या उशीला वारा घालत राहिल्या. मुलगी आत यायलाच तयार होईना. "बाबांना त्रास होतोय ना?" एवढंच तिनं दारातून विचारलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. श्वास थांबत नव्हता आणि मोकळाही होत नव्हता. मी त्याला ठेवून घेतलं होतं, बरं केलं नव्हतं. कागदावर अठ्ठ्याण्णव लिहून छातीत हवा जाते होय? सात वर्षांत एक खोटा आकडा लिहिला आणि तोही आपल्याच माणसाच्या उरावर ठेवला.

शुक्रवारी सासूबाईंनी पंखा खाली ठेवला. "डोळ्याला डोळा लागत नाही गं त्याचा. मला वाटायचं, मी चार म्हटलं की तो राहील." त्यांनी चादरीची कड सारखी केली. "हे असं राहणं नको. उद्या पुन्हा शनिवारची फेरी आहे, घरीच थांब तू."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली आली तेव्हा आम्ही तिघी आतल्या खोलीत होतो. मुलगी माझ्या पाठीला चिकटून बसली होती. मी उजवा हात चादरीवर उताणा ठेवला होता, नुसताच, काही होईल म्हणून नव्हे. त्यात गार बोटं आली. नळाच्या चाव्या फिरवून घट्टे पडलेली, अंगठ्याजवळ जुन्या कापल्याची खूण असलेली. मी मुठीत घट्ट धरली.

"घरात माणसं किती?" चष्मेवालीनं दारातूनच विचारलं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी उशीवरून हात फिरवला, लहान पोराच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

"तीन लिही, पोरी," त्या म्हणाल्या.

पेन कागदावर टेकलं. श्वास एकदा वर ओढला गेला. मी पुढच्याची वाट बघत राहिले. बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं, थांबलं, पुन्हा चालू झालं. पुढचा श्वास आला नाही.

चष्मेवालीनं मुलीच्या बोटाला मीटर लावला, मग सासूबाईंच्या, मग माझ्याकडे वळली. मी तिला डावा हात दिला. उजवी मूठ मला इतक्यात उघडायची नव्हती.