खोटी पेनल्टी

फरामर्ज हा माझ्या थोरल्या बहिणीचा, गोलनेसाचा, एकुलता मुलगा. इराणच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या गीलान प्रांतात त्याचं नाव ठाऊक नाही असं घर सापडायचं नाही. लोक ते कौतुकाने घेतात. आमच्या घरात मात्र अजूनही ते घेताना मान जरा खाली जाते.

त्याच्या बापाची कंबर तो लहान असतानाच धरली. तेव्हापासून खाचरातली निम्मी कामं पोरावर आली. भाताच्या तरव्याच्या जुड्या कावडीत घालून तो बांधावरून पळायचा. चालायचा नाही, पळायचाच. कापणी झाली की त्याच खाचरात, भाताच्या खुंटांमध्ये, पोरांचा फुटबॉल चालायचा. गोलात उभा राहायचा शेजारच्या मश्ती रजबअलीचा क्यूमर्स. अंगाने दांडगा, त्यामुळे पळायचा कंटाळा. दोघं एका ताटात जेवलेले. क्यूमर्सच्या आईच्या, तूबाच्या, हातचा बाकल्याच्या दाण्यांचा रस्सा फरामर्जने आमच्या घरच्यापेक्षा जास्त खाल्ला असेल.

बंदरगावच्या संघाने पोरं निवडायला बोलावलं, तेव्हा मश्तीने दोघांना आपल्या मोटारसायकलवर बसवून नेलं. क्यूमर्सला लगेच घेतलं. फरामर्जला प्रशिक्षक म्हणाले, "हे पाय आहेत की बगळ्याच्या तंगड्या? जा घरी, चार दिवस भात खा."

क्यूमर्स म्हणाला, "मग मीपण जातो घरी. मलाही भूक लागलीय."

गोलरक्षक हातचा जाऊ नये म्हणून प्रशिक्षकांनी दोघांनाही ठेवलं, आणि असे दोघं संघात गेले. फरामर्ज पहाटे बंदरावर मासळीच्या पेट्या उतरवायचा, दुपारी सरावाला जायचा आणि मैदानाच्या कोठीत जाळ्यांच्या गठ्ठ्यावर झोपायचा. त्याच्या पायात जादू नव्हती, हे आम्हालाही कळायचं. पण बाकीचे दमून कमरेवर हात ठेवायचे तेव्हा हा पळत असायचा. त्या पळण्यावरच तो तेहरानच्या मोठ्या संघात गेला. निघाला त्या दिवशी गावाने एस्फंदच्या बियांचा धूर करून त्याची दृष्ट काढली. धुरात सगळ्यात जास्त खोकत होता आणि हसत होता तो क्यूमर्स.

मग तो सामना आला. हंगामातला शेवटचा. तेहरानचा संघ जिंकला तर त्याला अजिंक्यपद मिळणार होतं. आमच्या बंदरगावच्या संघाला नुसती बरोबरी पुरे होती, हरले तर खालच्या गटात. एका बाजूला फरामर्ज, दुसऱ्या बाजूला गोलात क्यूमर्स. आम्ही बायका गोलनेसाच्या घरी टीव्हीपुढे बसलो होतो. तूबाही होती, मांडीवर लसूण घेऊन सोलत.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. फरामर्ज चेंडू घेऊन एकटाच सुटला. क्यूमर्स पुढे धावून आला, खाली झेपावला, आणि चेंडू हाताला लागणार नाही हे दिसताच त्याने दोन्ही हात छातीशी ओढून घेतले. फरामर्ज पडला. गुडघा धरून लोळला. पंचाने पेनल्टी दिली आणि क्यूमर्सला लाल कार्ड. तेव्हा पडद्यावर पुन्हा बघून निर्णय फिरवायची सोय आपल्याकडे नव्हती. क्यूमर्सचं डोकं फिरलं, त्याने पंचाला ढकललं. चौघांनी त्याला ओढत बाहेर नेलं. बदली खेळाडू संपले होते, म्हणून एक बचावपटू हातमोजे चढवून गोलात उभा राहिला. पेनल्टी फरामर्जने मारली नाही, दुसऱ्याने मारली. गोल झाला.

टीव्हीवर ते पडणं दोनदा, तीनदा दाखवलं. तूबाने सोललेला लसूण ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "गोलनेसा, मी निघते. कोंबड्या कोंडायच्यात."

ती गेल्यावर बहीण म्हणाली, "पाडलं नाही गं त्याला कुणी. त्याने पाडून घेतलं स्वतःला."

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. मागे ढोल वाजत होते. गोलनेसाने विचारलं, "पाय कसा आहे?"

"कुठला पाय?" तो म्हणाला.

ढोल तेवढे वाजत राहिले. शेवटी तिनेच फोन ठेवला.

बंदरगावचा संघ खाली गेला. पंचाला ढकलल्याबद्दल क्यूमर्सवर सहा महिन्यांची बंदी आली, आणि संघाने त्याला सोडून दिलं. तो घरी येऊन बापाच्या खाचरात चिखलणीला लागला.

आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज एकीचं खाचर, उद्या दुसरीचं. तूबाची पाळी आली त्या दिवशी गोलनेसा सकाळपासून रबरी बूट हातात धरून ओट्यावर बसून होती.

"जायचं नाही का?" मी विचारलं.

"जायलाच हवं. पण कुठल्या तोंडाने जाऊ, सांग."

गेलो. तूबाने काहीच दाखवलं नाही. उलट दुपारी चहाचा पहिला पेला तिने गोलनेसाला दिला. तो तिने तसाच बांधावर ठेवला. तूबाने चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं, असं गोलनेसा वाटेत म्हणाली.

दोन दिवसांनी फरामर्ज आला. मोठी गाडी, सगळ्यांना शाली, बापाला कमरेचा पट्टा. सकाळी नानवाईकडे नान आणायला गेला तर रांगेतल्या लोकांनी बाजूला होऊन त्याला पुढे केलं. नानवाई म्हणाला, "घ्या, घ्या. तुम्ही विजेते. तुम्हाला कशाला पाहिजे रांग?" कुणी हसलं नाही. परत येताना रस्त्यावर पोरं खेळत होती. एक पोरगं उगाच लोळलं, तसं दुसरं ओरडलं, "ऊठ रे, फरामर्ज करू नको." त्यांनी याला पाहिलंच नव्हतं. हा नान छातीशी धरून घरात आला तो खोलीत जाऊन बसला. कानाच्या पाळ्या लालभडक.

संध्याकाळी मला म्हणाला, "मावशी, माझ्याबरोबर चल. एकट्याने पाय उचलत नाहीत."

क्यूमर्स त्यांच्या खालच्या, लावणी व्हायच्या राहिलेल्या खाचरात फळी ओढत होता. आम्हाला बघून थांबला नाही. फरामर्ज बूट न काढताच चिखलात उतरला.

"क्यूमर्स, माझं चुकलं."

"मला माहीत आहे. तुलाही पडायच्या आधीच माहीत होतं." त्याने फळी वळवली आणि मला म्हणाला, "सनोबर मावशी, बांध ओला आहे, घसराल."

"मला माफ कर," फरामर्ज म्हणाला.

"पडलास सगळ्या देशासमोर, आणि माफी इथे बेडकांसमोर मागतोस होय?"

फरामर्ज चिखलाने भरलेल्या बुटांनीच बांधावर चढला.

तेहरानला परतल्यावर फरामर्ज खेळाच्या एका कार्यक्रमात गेला. त्याच्या संघाने जाऊ नको म्हणून बजावलं होतं. तो मान खाली घालून म्हणाला, "मला कुणी हात लावला नव्हता. क्यूमर्सने हात मागे घेतलेले मी पाहिले होते. पाहिले, आणि मग पडलो." निकाल काही बदलणार नव्हता. त्याचा संघ विजेताच राहिला.

पण आम्ही जे कधी मनात आणलं नव्हतं ते त्यानंतर झालं. देशभर त्याचा उदो उदो सुरू झाला. असा खरा माणूस बघितला नाही, म्हणाले. मुलांच्या शाळांतून त्याची गोष्ट सांगितली गेली. हिवाळ्यात तेहरानात मोठा समारंभ करून त्याला जवांमर्दीचं, म्हणजे दिलदार सचोटीचं, मानचिन्ह दिलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. टीव्हीवर त्याचा चेहरा जवळून दाखवला, तेव्हा निवेदकाला वाटलं तो भारावला आहे. आम्ही त्याला जन्मापासून ओळखत होतो. लहानपणी तूबाच्या झाडाचे अंजीर चोरताना सापडला होता, तेव्हाचा तो चेहरा होता.

गोलनेसा म्हणाली, "पडल्याचं बक्षीसही यालाच, उठल्याचंही यालाच. त्या पोराला काय मिळालं?"

त्या पोराला काहीच मिळालं नव्हतं. बंदी संपली तरी कुणी संघ त्याला बोलावत नव्हता. पंचावर हात टाकणारा गोलरक्षक कुणाला हवा?

फरामर्जने तेहरानचा संघ सोडला. खालच्या गटातल्या आमच्या बंदरगावच्या संघाकडे गेला आणि म्हणाला, मला घ्यायचं तर क्यूमर्सलाही घ्या. त्यांनी दोघांना घेतलं. हे कळल्यावर क्यूमर्स रागाने लाल झाला. "याच्या शेपटाला बांधून मला आणलंय," तो बापाला म्हणाला. मश्ती म्हणाले, "तूही एकदा त्याला असंच नेलं होतंस. तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं नव्हतं. जा."

तो गेला, पण फरामर्जशी बोलत नसे. मैदानावर ओरडायचा तेवढंच. "डावीकडे बघ." "मागे ये." फरामर्ज डावीकडे बघायचा, मागे यायचा, आणि पहिल्यासारखाच शेवटपर्यंत पळायचा. आमचेच लोक सुरुवातीला तो चेंडूला शिवला की शिट्ट्या वाजवायचे. पुढे त्यांनाही कंटाळा आला. संघ वर आला तोपर्यंत गोलात दुसरा तरुण मुलगा उभा होता. क्यूमर्सची चांगली वर्षं चिखलात आणि खालच्या गटातच गेली होती.

आता दोघंही खेळत नाहीत. फरामर्ज गावात पोरांना शिकवतो. ते मानचिन्ह त्याच्या घरात कुठे आहे, मी विचारलं नाही, त्यानेही दाखवलं नाही.

गेल्या शरदात मश्तीच्या नातीचं लग्न झालं. रश्त शहरातून आलेल्या व्याह्यांपैकी एकाने फरामर्जला ओळखलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "हेच ते. जवांमर्द. सगळ्या देशासमोर खरं बोलले." माणसं वळून बघायला लागली. फरामर्जचा घास हातातच राहिला, कान पुन्हा तसेच लाल. गोलनेसा पलीकडे बायकांत बसली होती. तिने ओढणी सारखी करण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

समोर क्यूमर्स वाढत होता. त्याने पाहुण्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा टाकला.

"भात निवतोय," तो म्हणाला, "जेवा."

मग फरामर्जच्याही ताटात वाढलं आणि पुढच्या माणसाकडे गेला.