दीडच्या बातम्यांचा कवडसा

तेलगावात विरुपाक्षप्पांच्या किराणा दुकानाची जेवढी ओळख होती, त्याहून जास्त त्यांच्या हट्टाची होती. आणि त्या हट्टाशी ज्या बाईनं तीस वर्षं संसार केला, तिचं नाव महादेवी.

किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे तेलगावातही भांडी खणखणली. माणसं उघड्यावर आली, आठ-पंधरा दिवस बाहेर झोपली आणि हळूहळू आपापल्या घरांत परतली. विरुपाक्षप्पा तेवढे परतले नाहीत. परसात पत्र्याचं शेड ठोकून त्यांनी बिऱ्हाड तिथं हलवलं. दगडी घर नुसतं पोत्यांसाठी उरलं. त्या पहाटेविषयी नवराबायको एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत.

शेड म्हणजे उन्हाळ्यात तवा आणि पावसाळ्यात ताशा. महादेवीनं वर्षभर सोसलं. पण आता थोरली लेक शिवानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा सरून नववा लागला होता. ओली बाळंतीण आणि तान्हं लेकरू पत्र्याखाली ठेवायचं? महादेवीच्या जिवाला घोर लागला होता.

"घर कलायलंय," विरुपाक्षप्पांचं एकच पालुपद.

त्याला त्यांच्याकडे पुरावा होता. दगडी घराच्या पुढच्या खोलीत, मातीच्या माळवदाच्या झरोक्यावर ठोकलेल्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं आणि त्यातून रुपयाएवढा कवडसा फरशीवर पडे. भूकंपानंतरच्या पहिल्या सोमवारी, सोमवारचा उपास धरून आप्पा सामान बाहेर काढत होते. रेडिओवर दीडच्या बातम्या लागल्या आणि तेवढ्यात त्यांची नजर कवडशावर गेली. नुकताच कुठल्याशा थंड पेयाच्या कंपनीचा रंगारी दुकानाची भिंत फुकटात लाल करून गेला होता. त्याच्या उरल्या रंगाचा एक ठिपका आप्पांनी कवडशावर ठेवला. घर जागच्या जागी असेल तर कवडसाही जागेवर राहील, असा त्यांचा हिशेब.

पुढं दर सोमवारी, बातम्यांच्या ठोक्याला एक ठिपका. सूर्य दक्षिणेला जातो तसा कवडसा उत्तरेला सरकणार, हे आप्पांना कळत होतं. तेवढे काही ते अडाणी नव्हते. पण तो आडवाही सरकू लागला. दिवाळीपर्यंत पूर्वेला गेला, मग उलटा फिरला आणि शिवरात्रीच्या सुमारास चांगला हातभर पश्चिमेला आला. झालं! घर डोलतंय, यावर आप्पांनी शिक्कामोर्तब केलं.

महादेवीनं रामकिसन गवंड्याला बोलावून ओळंबा लावून घेतला. भिंती सरळ निघाल्या. रामकिसन चहा पिऊन गेला.

"ओळंबा मानसाच्या हातात असतोय," आप्पा म्हणाले. "सूर्य कुनाच्या हातात हाय?"

हत्तीला समजावणं सोपं, असं महादेवी शेजारणीला म्हणाली.

शिवानी यायच्या आधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकटी लेक रुद्राणी आली होती. ती अंबाजोगाईच्या कॉलेजात बी. एस्सी. करत होती. फरशीवरच्या लाल ठिपक्यांची रांग बघून ती मटकन खालीच बसली.

"आप्पा, ह्ये तुमी केलं? सूर्य रेडिओच्या येळेवर चालत न्हाई, आप्पा. पृथ्वीची वाट जराशी लंबगोल हाय. पौषात ती सूर्याजवळ असती तवा झरझर जाती, आषाढात लांब असती तवा रेंगाळती. घड्याळ मात्र रोज एकाच चालीनं चालतं. म्हनून ठोक्याला सूर्य कधी म्होरं असतो, कधी मागं."

"बैलावानी," महादेवी चटकन म्हणाली. "रानात जाताना रेंगाळतोय, घराकडं वळला की पळतोय."

"आन् दुसरं म्हंजे, पृथ्वी आपल्या वाटेवर कललेली हाय."

"म्हंजे कललंय तर खरं!" आप्पा विजयी मुद्रेनं म्हणाले.

रुद्राणीनं कपाळावर हात मारला. पण जाताना ती एक गोष्ट बजावून गेली. "वर्ष भरू द्या. कवडसा इंग्रजी आठचा आकडा काढून पयल्या ठिपक्यावर परत येईल. घर कललं असंल तर येनार न्हाई. मग तर झालं?"

तसं झालं तर घरात परतायचा आप्पांनी शब्द दिला. पावसाळ्यात त्या भोकातून धार लागायची. महादेवी ते बुजवायला डांबर घेऊन उभी राहायची आणि आप्पा भोकाखाली बादली सरकवायचे. ढगांनी बरेच सोमवार खाल्ले. तरी उघडीप मिळाली की ठिपके पडत राहिले आणि खरंच वळून माघारी येऊ लागले.

वर्ष भरायचा सोमवार आला. सगळे फरशीभोवती जमले, शिवानीही पोट सांभाळत पोत्यावर टेकली. ठोके पडले. कवडसा पहिल्या ठिपक्याच्या बोटभर अलीकडे पडला होता.

आप्पांचा चेहरा उतरला. "बोटभर का व्हईना, कललंय," एवढंच म्हणून ते दुकानात निघून गेले.

महादेवीला रडूच आलं. शेडमध्ये ती शिवानीच्या बाळंतपणाची गोधडी शिवत बसली, पण टाके वाकडे पडायला लागले. मग तिच्या मनात आलं, एवढा वर्षभराचा प्रवास करून आलेला कवडसा बोटभरासाठी कशाला अडेल? तिनं बोटं मोजली. भूकंप तीस तारखेला, गुरुवारी. त्यानंतरचा सोमवार म्हणजे चार तारीख. आणि आज? भिंतीवरच्या कॅलेंडरात तीन होती.

"आगं बाई," ती एकटीच हसली, "सूर्याला कुठं उपास हाय सोमवारचा!"

मंगळवारी ती दुकानात गेली. "चला, बातम्या लागतील."

"मंगळवारी कसला ठिपका?"

"तारीख बगा, वार नका बगू. चला मुकाट्यानं."

आप्पा आले. रेडिओचे ठोके पडले. कवडसा पहिल्या लाल ठिपक्यावर असा बसला, की ठिपका त्याच्या पोटात मावून चारी बाजूंनी उजेडाची कड उरली.

आप्पा ठिपक्यापाशी उकिडवे बसले. बातम्या संपल्या तरी उठेनात. मग ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले,

"महादेवी, घराचं भ्या न्हवतं गं मला. त्या पहाटं मी तुला हाक बी न मारता म्होरच्या दारानं पळालो. पुन्यांदा तसं झालं तर पुन्यांदा पळन, ह्येचं भ्या वाटायचं. म्हनून तुला घरात ऱ्हाऊच दिलं न्हाई."

महादेवीनं पदरानं डोळे पुसले आणि ती एवढी हसली की शिवानी दारात येऊन उभी राहिली.

"आवो, मी बी तुमाला हाक मारली न्हाई. तुमच्या आदी मागच्या दारानं पळालते. वरीस झालं, कोन्या तोंडानं सांगू म्हनून गप हाय."

आप्पांनाही हसू फुटलं. हसता हसता ते उठले आणि भिंतीकडेचं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

"कुठं निगालाव?" महादेवीनं विचारलं.

"ही पोती शेडात टाकतो," आप्पा म्हणाले. "लेकीची बाज हितं मांडायची हाय."